तीन वाक्यांपुरती परवानगी

कुणाविषयी काही सांगायला तोंड उघडलं की रझिया मॅडम उजवा हात वर करायच्या, चौकातला पोलीस गाडी थांबवतो तसा. "थांब. ज्याची गोष्ट आहे, त्याला विचारलंस का?" बहुतेक वेळा विचारलेलं नसायचं. मग समोरचा ओशाळून चहाच्या कपात बघायचा. आमच्या ऑफिसात त्यामुळे चहाच्या वेळी फार पंचाईत व्हायची. अमरावतीत माणसांच्या गोष्टींशिवाय चहा प्यायचा तरी कसा?

मला त्या आधी शिक्षिका म्हणून भेटल्या. कायद्याच्या वर्गाला करार शिकवायच्या. ठेंगण्या, अंगानं भरलेल्या, कडक इस्त्रीची सुती साडी, आणि पर्समध्ये पुरुषांचा असतो तसा मोठा चौकडीचा रुमाल. वडलांचं परतवाड्याला विळे-कुऱ्हाडींचं दुकान होतं. मेळघाटातून उतरलेली गिऱ्हाईकं बघत त्या मोठ्या झाल्या. त्यामुळे वर्गात शुद्ध मराठी, भावाशी फोनवर उर्दू आणि राग आला की ठसठशीत वऱ्हाडी, अशा तीन भाषा त्यांच्या तोंडात सुखानं नांदत.

मी भातकुलीहून बसनं वर्गाला यायचे. वर्गातली निम्मी मुलं शेतकऱ्यांच्या घरची. ती वर्षं वाईट होती. मधूनच एखाद्या मुलाची जागा रिकामी दिसायची, आणि काही दिवसांनी तो डोकं भादरून वर्गात यायचा. असाच एक मुलगा परत आला तेव्हा एका सरांनी सगळ्यांसमोर विचारलं, "कसं झालं रे? औषध घेतलं का तुझ्या वडलांनी?" मुलगा उभाच राहिला. पुढचा तास मॅडमचा होता. दारात त्यांनी ते ऐकलं. आत येऊन त्या सरांना म्हणाल्या, "सर, तो तुमचा विद्यार्थी आहे, बातमी नाही." मग त्याला बसवलं आणि जणू काही झालंच नाही असा तास सुरू केला. तो मुलगा आज अकोल्यात वकिली करतो. त्याला विचारूनच हे लिहिलं आहे.

शिक्षण संपल्यावर मी त्यांच्याबरोबर कामाला लागले ते एका छोट्या कंपनीत. आयर्लंडमधले डॉक्टर पेशंट तपासून झाल्यावर त्याच्याविषयी बोलून ठेवायचे, ते बोलणं इथं यायचं आणि आमच्या मुली कानाला हेडफोन लावून ते टाईप करायच्या. युरोपात खासगी माहितीचा नवा कायदा आला तसे आमचे मालक घाबरले. तिकडच्या पेशंटची माहिती आता भारतात आणायची तर कडक करार हवा, जबाबदार माणूस हवा. त्यांनी मॅडमना बोलावलं, मॅडमनी मला.

पहिल्याच दिवशी त्यांनी सगळ्या मुलींना जमवलं आणि तो अगडबंब कायदा सांगितला तो असा: "पोरगी सासरी धाडतो तेव्हा आपण घर पाहतो, माणसं पाहतो. आपल्याकडे जशी जपली तशी तिथं जपतील का, विचारतो. जपणार नसतील तर पाठवत नाही. आणि पोरीचं मन विचारतो. नसाल विचारत तर विचारत जा. बस्, एवढाच कायदा आहे."

स्वतःच्या बाबतीतही त्या तशाच वागत. पार्सलच्या कागदावरचं नाव-पत्ता फाडून त्याचे बारीक तुकडे करत आणि ते कपात उरलेल्या चहात बुडवून मग फेकत. बसमध्ये शेजारणीनं मोबाईल काढला की खिडकीकडे तोंड करून बसत. आम्ही हसायचो. त्याही हसायच्या, अगदी मोठ्यानं, पण तुकडे बुडवायचं सोडत नसत.

एकदा पल्लवी नावाची मुलगी डोळे पुसत चहाला आली. तिकडच्या एका बाईचं तिसरं बाळ पोटातच गेलं होतं, आणि डॉक्टरचा तो सपाट आवाज तिला दोनदा ऐकावा लागला होता. ती सांगायला लागली तसा मॅडमचा हात वर गेला. आम्हाला वाटलं, आता हिची काही खैर नाही. पण तो हात तसाच हळूहळू खाली आला. त्यांनी दार लावून घेतलं, पल्लवीला जवळ बसवलं आणि आपला मोठा रुमाल दिला. "नाव नको, गाव नको. रडायचं तेवढं रडून घे." ती गेल्यावर मला म्हणाल्या, "त्या बाईला कधी कळणार पण नाही, की अमरावतीत एक पोट्टी तिच्यासाठी रडली. कळलं असतं तर तिला बरं वाटलं असतं का राग आला असता, सांग बरं?"

त्याच सुमाराला युरोपातल्या एका विद्यापीठाची माणसं इकडच्या, आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या विधवा बायकांशी बोलायला आली. इथली माहिती तिकडे नेली तरी त्यांच्या कायद्यानं ते बांधलेलेच होते. बायकांची संमती नीट घेतली जावी म्हणून त्यांनी मॅडमना बरोबर घेतलं, आणि मॅडमनी मला. भातकुलीच्या पलीकडच्या एका खेड्यात आम्ही गेलो. घरातली बाई दारात उभी होती, मागं बारा-तेरा वर्षांची मुलगी. बरोबरच्या फोटोग्राफरनं गाडीतून उतरता उतरताच कॅमेरा डोळ्याला लावला. मॅडम त्याच्या आणि त्या बाईच्या मधे जाऊन उभ्या राहिल्या.

"बाई, हे तुमचा फोटू बाहेरदेशात नेणार हायेत. तिथले लोक पाहतीन. चालते का तुमाले? नाई मनलं तरी कोनी काई करत नाई."

बाई म्हणाली, "आतापर्यंत लय जन आले वो बाई. फोटू काढून गेले. इचारलं कोनीच नाई." आणि मग पदर सारखा करत, "माहा घ्या. पोरीचा नका घेऊ. तिचं लगन व्हाचं हाय."

परत येताना मॅडम गाडीत बोटांनी रुमालाच्या कडा मोजल्यासारख्या करत बसल्या होत्या.

आता वासुदेवभाऊंचं सांगते.

हिवरखेड माझ्या मामाचं गाव. वासुदेवभाऊ मामाचे शेजारी. एकुलता एक मुलगा, प्रफुल, शेतीतलंच पुढचं शिकायला नेदरलँड्सला गेला. गावात मोठं कौतुक झालं. पुढं कपाशीवर अळी पडली त्या वर्षी त्याचा नेहमीसारखा फोन आला, आणि अमुक करा, तमुक फवारू नका, असं तो सांगायला लागला. वासुदेवभाऊ त्याच दिवशी पोखरलेली बोंडं पाहून वावरातून आले होते. ते बोलून गेले, "तुया शिक्षनानं माह्या पऱ्हाटीतली एक अळी तरी मेली का? नको करू फोन." मुलानं फोन ठेवला. पुन्हा कधी केला नाही. त्याचा नंबरही बंद झाला. दोन-अडीच वर्षं अशीच गेली. त्यात आई, सुमनकाकू, आजारी पडल्या. मामानं माझं नाव सांगितलं, आणि वासुदेवभाऊ अकोट, परतवाडा असं बस बदलत अमरावतीला आले.

मॅडमच्या समोर खुर्चीच्या टोकावर बसून त्यांनी हे सगळं सांगितलं, स्वतःचं ते बोलणंसुद्धा. मॅडमनी विचारलं, "भाऊ, मुलगा मोठा आहे. त्यालाच सापडायचं नसंल तर?"

"नाई सापडला तरी चालते. कोठी हाय, काय करते, काई नका सांगू. जिता हाय का नाई, एवढंच पाहून द्या. गावातले लोक काईबाई बोलून राह्यले. त्याच्या मायले घास जात नाई."

मॅडमनी त्याच्या विद्यापीठाला लिहिलं. तिथल्या माहिती जपणाऱ्या अधिकारी बाईचं उत्तर आलं: आजी किंवा माजी, कोणत्याही विद्यार्थ्याविषयी त्याच्या संमतीशिवाय आम्ही तिसऱ्याला काही सांगत नाही, युरोपाबाहेर तर नाहीच. मॅडमनी ते वाचून मान हलवली. "बरोबर काम करते ही बाई. मी तिच्या जागी असते तर हेच लिहिलं असतं." आणि मग चष्मा काढून बराच वेळ पुसत बसल्या. शेवटी त्यांनी त्या बाईची फोनवर वेळ मागितली.

वासुदेवभाऊंना त्यांनी त्या दुपारी बोलावून घेतलं. तिकडे सकाळ होती. मार्लीन असं त्या अधिकारी बाईचं नाव. मॅडमनी आधी सांगितलं, खोलीत मुलाचे वडील आणि माझी सहकारी आहेत, स्पीकर लावला तर चालेल का. ती हो म्हणाली. बोलणं इंग्रजीत झालं. वासुदेवभाऊंना त्यातलं काही कळत नव्हतं, ते नुसते फोनकडे बघत होते.

"मला खरंच काही सांगता येणार नाही," मार्लीन म्हणाली.

"मी पत्ता मागत नाही. नंबर मागत नाही. कायद्याचाच एक प्रश्न विचारते. तुमचा हा कायदा जिवंत माणसांच्या माहितीसाठी आहे. मेलेल्यांना तो लागू होत नाही. बरोबर?"

"बरोबर."

"मग एवढंच सांगा. तुम्ही मला आत्ता जो नकार देताय, तो याच कायद्याखाली देताय का?"

तिकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मला वाटलं, तिनं फोन ठेवला. मग ती सावकाश, एकेक शब्द सुटा करत म्हणाली, "हो. मी तुम्हाला याच कायद्याखाली नकार देते आहे."

मॅडम नुसत्या ओठांनी 'थँक्यू' म्हणाल्या. मीच फोन बंद केला.

"काय मनते?" वासुदेवभाऊंनी विचारलं.

"नाही म्हणते."

त्यांनी मान खाली घातली आणि टोपी उचलायला हात पुढे केला. मॅडम उठून त्यांच्याजवळ गेल्या. "भाऊ, ऐका. नाही म्हणते, म्हणूनच सांगते. हा कायदा जित्या माणसांसाठीच आहे, मेलेल्याचं तिला असं लपवावं लागत नाही. पोरगा जिता हाय तुमचा."

वासुदेवभाऊंनी टोपी दोन्ही हातांनी तोंडावर धरली. त्यांचे खांदे हलत होते. जरा वेळानं टोपी खाली घेऊन म्हणाले, "मंग त्यानंच मनलं असंन, सांगू नका मनून."

"ते मला माहीत नाही, भाऊ."

"असू द्या. जिता हाय नं. रुसू दे." आणि मग एकदम काही सुचल्यासारखं, "मॅडम, तिकडून इकडं आनाले कायदा हाय. इकडून तिकडं धाडाले तं आडवा येत नाई नं?"

"नाही येत. पोचवायचं का नाही, ते तिच्या हातात आहे. पण आपण पाठवू शकतो."

"मंग त्याले कळवा, माय लय बिमार हाय. येऊन जाय."

मॅडमनी लिहायला पेन उचललं आणि थांबल्या. "सुमनताईंना विचारलं का?"

त्यांनी तिथूनच घरी फोन लावला. सुमनकाकूंचा आवाज अगदी बारीक आला. मॅडमनी सगळं सांगितलं: मुलगा आहे, त्याला निरोप धाडता येतो, तुमच्या आजाराचं कळवायचं का. काकू आधी रडल्या. मग स्पष्ट म्हणाल्या, "बिमारीचं नका लिहू बाई. तो लहानपनापासून घाबरट हाय. परदेशात एकटा काय करंन? माय चांगली हाय मना. आनं राग सोड मना."

"अवं, येईन तं तुले पाह्यन तरी!" वासुदेवभाऊ फोनवर ओरडले.

"त्याच्या मनानं येईन तवा येईन. माह्या बिमारीच्या भेवानं नको."

वासुदेवभाऊ मॅडमकडे बघायला लागले. मीसुद्धा. मॅडमनी बराच वेळ पेन तसंच धरून ठेवलं. मग लिहिलं: तुझी आई चांगली आहे. ती म्हणते, राग सोड.

दिवाळीनंतर सुमनकाकू गेल्या.

मुलाला आई गेल्याचं कळवायला मॅडमनी मार्लीनला पुन्हा लिहिलं. या वेळी कुणाला विचारायचं नव्हतं. ज्यांना विचारायचं, त्याच राहिल्या नव्हत्या. हिवरखेडहून प्रफुलच्या काकांचा फोन आला. ते मॅडमना वाटेल ते बोलले. "तुमच्या कायद्यापायी पोट्ट्याले मायचं तोंड पाहाले भेटलं नाई." मॅडमनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

त्यानंतर कितीतरी दिवस त्यांचा हात वर गेलाच नाही. चहाच्या वेळी मुली वाटेल त्याच्याविषयी वाटेल ते बोलायच्या, आणि मॅडम कोपऱ्यात बसून नुसत्या ऐकायच्या. एकदा सगळ्या उठून गेल्यावर म्हणाल्या, "बेटा, तिचा आजार तिचाच होता ना? मग मला रात्री झोप का येत नाही?"

त्या वाळत चालल्या होत्या. आम्हाला वाटलं, त्या प्रकरणानं असेल. मग एक दिवस कामानं अकोल्याला गेले असताना मी त्यांना तिथल्या मोठ्या दवाखान्याच्या फाटकाशी रिक्षा शोधताना पाहिलं. हातात मोठं पाकीट होतं, एक्स-रेचं असतं तसं. मला बघून त्यांनी ते पाठीमागं धरलं नाही, पण एवढंच म्हणाल्या, "बेटा, हे माझं आहे. माझ्याजवळच राहू दे." अकोल्यातल्या भावालाही त्यांनी अर्धंच सांगितलं होतं, हे मला फार पुढं कळलं. मी कुणाला काही बोलले नाही.

उन्हाळ्याच्या तोंडाला मार्लीनचा फोन आला. तिनं आधी बजावलं: त्या विद्यार्थ्यानं स्वतः परवानगी दिली आहे, भारतात कळवायला, फक्त वडिलांना, आणि फक्त तीन वाक्यांपुरती. मग ती तीन वाक्यं तिनं वाचून दाखवली. मी बरा आहे. मी परत येणार नाही. आई चांगली आहे असं मला का सांगितलं?

मॅडम म्हणाल्या, हे फोनवर सांगायचं नाही. दुसऱ्याच दिवशी आम्ही गाडी करून हिवरखेडला निघालो. वाटेत त्यांनी दोनदा गाडी थांबवली आणि रस्त्याकडेला खाली बसल्या. मी पाठीवरून हात फिरवला तर साडीखाली नुसती हाडं लागली. गाव जवळ आलं तशी मी म्हणाले, "मॅडम, पहिलं वाक्य सांगू. दुसरंही सांगू. तिसरं कशाला? त्यांना ते कसं सोसेल?"

"तिन्ही त्याची आहेत, बेटा. त्यातलं एक मी ठेवून घेऊ?"

वासुदेवभाऊ ओट्यावर तुरीच्या तुऱ्हाट्यांचे झाडू बांधत बसले होते. घरात कुणी नव्हतं. मॅडमना बघून ते उठले, आतून चादर आणून अंथरली. मॅडम बसल्या आणि तीनही वाक्यं त्याच क्रमानं, आवाज न बदलता सांगितली. तिसऱ्या वाक्यावर त्या थांबल्या नाहीत, पण सांगून झाल्यावर त्यांनी दोन्ही हात मांडीवर घट्ट धरले.

वासुदेवभाऊ खाली बघतच म्हणाले, "बरा हाय मनते नं?"

"हो."

"मंग झालं." हातातली तुऱ्हाटी त्यांनी बाजूला ठेवली. "आनं ते तिसरं... त्याले लिहा, तुया मायनंच तसं सांगाले लावलं होतं. वकीलबाईचा काई दोष नाई. मी बाजूलेच बसलो होतो. मी सांगतो मना."

मॅडमनी मान हलवली. वासुदेवभाऊंनी पहिल्यांदाच त्यांच्याकडे नीट पाहिलं, गावात बाईमाणसाकडे कुणी एवढं टक लावून बघत नाही, पण त्यांनी पाहिलं, आणि विचारलं, "ताई, तुमी बऱ्या हा का?"

एवढ्या महिन्यांत ऑफिसात, वर्गात, घरी, ज्यांनी ज्यांनी विचारलं त्यांना मॅडमनी हसून 'बरी आहे' हे एकच उत्तर दिलेलं मी ऐकलं होतं.

"नाही, भाऊ," मॅडम म्हणाल्या. "मी बरी नाही."

वासुदेवभाऊ आत गेले. चुलीशी भांड्यांचा आवाज आला. मॅडमनी माझ्याकडे बघून मानेनंच खूण केली, आणि मी गाडीकडे गेले.

त्या दिवशी परतताना अकोल्याला भावाकडे त्या उतरल्या, तिथूनच दवाखान्यात गेल्या. कुणी भेटायला यायचं नाही असं त्यांनी सांगून ठेवलं होतं, ते मी पाळलं. पावसाळा लागायच्या आधी त्या गेल्या. परतवाड्याला, वडलांशेजारी, त्यांना नेलं.

पण मला त्या दिसतात ते गाडीच्या काचेतून दिसल्या तशा. वासुदेवभाऊंनी स्वतः चहा करून आणला होता. दोन कप मधे ठेवले होते, ऊन ओट्याच्या पायरीपर्यंत आलं होतं. मॅडमनी चष्मा काढून ठेवला होता आणि त्या बोलत होत्या, हात हलवत, थांबत, पुन्हा बोलत, फार फार वेळ. वासुदेवभाऊ मान खाली घालून ऐकत होते आणि मधेच हुंकार देत होते. चहा तसाच निवत होता. ड्रायव्हरनं काच खाली घ्यायला बटणाकडे हात नेला, तो मी थांबवला.